काडेपेटीतली पांढरी पट्टी

त्या श्रावणात मी अकरा दिवस घाबरून काढले. भीतीचं कारण पत्त्यांतल्या पानाएवढं होतं आणि ते मीच माझ्या हातानं तयार केलं होतं.

मुळात मी घाबरणारी बाई नाही. कामशेतला स्टेशनच्या वाटेवर माझं झेरॉक्स आणि लॅमिनेशनचं दुकान आहे, एका शटरचं. त्या शटरमागे बसून गेली वीस वर्षं मी गिऱ्हाइकांना ओरडते आहे. लोक सातबारा चार घड्या घालून खिशात ठेवतात आणि पावसाळाभर घामात भिजवून मग माझ्याकडे आणतात. त्यांना ओरडायचं नाही तर काय ओवाळायचं? आमच्याकडे एखादी वस्तू जपायची म्हणजे लॅमिनेट करायची, दुसरा मार्ग कुणाला ठाऊक नाही. रेशनकार्ड, मुलीचा बायोडाटा, डॉक्टरची चिठ्ठी, देवाच्या पायाशी ठेवलेली कोरी नोट, गेलेल्या माणसाच्या दहाव्याची पत्रिका, सगळं मी मशीनमधून काढून दिलेलं आहे. कडा तिरक्या असल्या तर आधी कटरवर सरळ करते आणि मग आत घालते. अर्धवट काम मला जमत नाही, हे माझं वाक्य अर्ध्या तालुक्याला पाठ आहे.

मागे एकदा एक गृहस्थ तणतणत आले होते. मी लॅमिनेट केलेला त्यांचा मूळ दाखला कुठल्याशा कचेरीनं परत केला होता. खरा कागद बोटाला लागला पाहिजे, असं तिथल्या बाईंनी सांगितलं म्हणे. मी त्यांना हाकलून दिलं. कागद वाचायचा असतो, चाखायचा नसतो, असं वर ऐकवलं. तेव्हा थांबून जरा विचार केला असता तर पुढचं काही घडलं नसतं.

माझी धाकटी बहीण लोणावळ्याला भुशी धरणाच्या रस्त्यावर एका बंगल्याची देखभाल करते. आधी तिचा नवरा करायचा. तो गेल्यावर बंगल्याच्या साहेबांनी तिला काढलं नाही, आवारातली मागची खोली तिच्याकडेच ठेवली. तीच एक खोली तिचं घर. सासर पवनेच्या बाजूला आहे, पण तिथे दिरानं तिच्या वाट्याच्या खोलीत खताची पोती रचून ठेवलेली. माझ्याकडे दुकानामागे एक खोली, तिच्यात मी, माझा नवरा आणि फ्रीज. म्हणजे बंगला सुटला तर तिला जायला जागा नाही, हे आम्हा दोघींनाही न बोलता माहीत होतं.

साहेब एकटे, साठीच्या पुढचे, मुंबईला राहणारे. त्यांना परदेशी पोरांच्या खेळातली चित्रांची कार्डं जमवायचा नाद होता. बंगल्यात त्यासाठी एक वेगळी खोली होती. पावसाळ्याच्या तोंडावर ते मुलीकडे परदेशी गेले तेव्हा बहिणीला सांगून गेले, "मावशी, या खोलीतल्या कशालाही हात लावायचा नाही. फक्त ओल येऊ देऊ नका." हात न लावता ओल कशी थांबवायची, हे त्यांनी सांगितलं नाही आणि तिनं विचारलं नाही.

लोणावळ्याचा पाऊस काही सांगून येत नाही. आषाढात दोन दिवस लाइट गेली, छताचं कुठलं तरी कौल सरकलं आणि टेबलावर पारदर्शक स्टँडमध्ये उभ्या ठेवलेल्या एका कार्डाच्या प्लास्टिकमध्ये पाणी शिरलं. बहिणीनं ते उघडलं, पदरानं टिपलं, वहीच्या दोन पुठ्ठ्यांमध्ये ठेवलं आणि दुपारच्या लोकलनं थेट माझं दुकान गाठलं.

"आक्का, ह्याच्यात पानी गेलंय. साहेबांना कळायच्या आत काय तरी कर."

मी कार्ड हातात घेतलं. तीन शेपट्यांचं एक रानमांजर, डोळे हिरवे, मागे चमकीचा चंदेरी डोंगर. खाली परक्या लिपीत बारीक काहीतरी लिहिलेलं. चित्र सुरेख होतं, पण छपाई गचाळ. डाव्या बाजूला पांढरी पट्टी चांगली जाड, उजव्या बाजूला पट्टीच नाही, मांजराची शेपटी थेट कडेला टेकलेली. मी मनात म्हटलं, परदेशी माल असला तरी कापणारा आपल्यासारखाच.

"नुसतं कवरात घालून दे," बहीण म्हणाली. "मशीनमदी नको घालू."

"का? मशीन खातीया व्हय त्याला?"

"तसं न्हाई. दुसऱ्याचं हाय."

"दुसऱ्याचं हाय म्हनूनच पक्कं करायचं. पुन्हा ओलीची भानगड नको. अर्धवट काम मला न्हाई जमत."

तिनं आणखी एकदा "नको गं" म्हटलं. मग तिला लोकलची वेळ आठवली आणि ती वाण्याकडे साखर घ्यायला गेली. ती परत येईस्तोवर मी कार्ड पंख्याखाली वाळवलं. मौल्यवान वस्तू मशीनमध्ये घालण्याआधी तिची एक प्रत काढून ठेवायची, कारण मशीनचा भरवसा नाही, ही माझी सवय. तशी एक रंगीत झेरॉक्स काढली. मग कार्ड कटरवर लावून डावीकडची जादा पट्टी सटकन उडवली. आता दोन्ही बाजू सारख्या झाल्या. जाड पाऊचमध्ये घालून, मशीन चांगलं तापवून, एका दमात बाहेर काढलं. एक बुडबुडा नाही. बहिणीनं पाहिलं आणि म्हणाली, "लय ग्वाड दिसतंय गं." मी पैसे घेतले नाहीत. रंगीत झेरॉक्स मला इतकी आवडली की कामाचा नमुना म्हणून मी ती आरशाशेजारी भिंतीला लावून टाकली.

तीन आठवडे ती तिथे होती. मग एका सकाळी पाठीवर मोठी पिशवी घेतलेली एक मुलगी आली. पुण्यात नोकरी करणारी, पंचविशीची, कामशेतला छत्री बांधून डोंगरावरून उडायला शिकणाऱ्यांपैकी. पावसात उडणं बंद असतं, पण पुढच्या हंगामाचे फॉर्म तिला छापून हवे होते. फॉर्म छापताना ती भिंतीकडे पाहत होती. नंतर ती चष्मा पुसून अगदी जवळ गेली.

"काकू, हे कुठून आलं?"

"गिऱ्हाइकाचं आहे."

"म्हणजे ओरिजिनल तुम्ही पाहिलंय? हातात घेतलंय?" तिचा आवाज बदलला होता. "हे किती कमी आहेत माहितेय? सगळी मिळून बोटांवर मोजण्याइतकी असतील."

मी म्हटलं, "जुनं असेल."

"जुनं असून काही होत नाही हो. जुनी कार्डं ढिगानं पडलीत, कुणी विचारत नाही." आणि तिनं मला उभ्या उभ्या समजावून सांगितलं. तिला सांगायची हौस होती आणि मला ऐकायची हौस नव्हती, तरी त्यातला शब्दन् शब्द आजही माझ्या डोक्यात आहे. कार्ड मुळात कमी छापलेलं असावं लागतं. त्यातलंही बरंचसं पोरांनी खेळून, चावून, खिशात घालून संपवलेलं असावं लागतं. उरलेल्यांचे कोपरे टोकदार, कडा स्वच्छ, चमकीवर एक ओरखडा नको. भिंगातून बघणारी माणसं असतात, ती त्याला गुण देतात. आणि सगळ्यात शेवटी, ते हवं असणारी माणसं त्या कार्डांपेक्षा जास्त असावी लागतात.

"आणि यात तर कापताना चूक झालीये," ती झेरॉक्सवर बोट ठेवून म्हणाली. "बघा, डावीकडे पट्टी जाड, उजवीकडे नाहीच. छापखान्यात पहिलाच ताव सरकला, त्यांच्या लक्षात आलं, मशीन थांबवलं. तेवढीच बाहेर पडली. या पांढऱ्या पट्टीचेच पैसे आहेत, काकू."

मी उगाच स्टेपलर उघडला, मिटला. आणि अगदी सहज विचारल्यासारखं विचारलं, "समजा, कुणी लॅमिनेट केलं तर?"

ती हसली. "मग काय, संपलंच. चमकी वितळते. बाहेर काढायला गेलं की चित्र सोलून येतं. कोण करेल असं?"

तिनं फोन काढून भिंतीचा फोटो घेतला तशी मी खेकसले, "फोटो काढायचा नाही! डिलीट कर!" बिचारी दचकली, डिलीट केलं आणि फॉर्म घेऊन निघून गेली. जाताना तिनं किंमत सांगितली होती. मी आकडा लिहीत नाही, तो उच्चारायची मला अजूनही भीती वाटते. कामशेतच्या बाजारपेठेत दोन गाळे त्यात आले असते एवढं सांगते.

मी शटर अर्धं खाली ओढलं आणि स्टुलावर बसले. पहिला विचार काय आला सांगू? बहिणीचा नाही. आधी मनात आलं, पोलीस. बंद खोलीतली वस्तू बंगल्याबाहेर नेली म्हणजे चोरीच की. आणि चोरीच्या मालाची प्रत मी भिंतीला लावून बसले होते. मी ती झेरॉक्स ओढून काढली, घडी घातली, आत जाऊन तांदळाच्या डब्यात खाली दाबून टाकली. मग तिथे बसल्या बसल्या मला बहिणीची खोली डोळ्यांसमोर आली. खिडकीतली तुळस, दाराला लावलेला जुन्या साडीचा पडदा. तेव्हा मात्र मला रडू फुटलं.

खरं म्हणजे दुर्मिळ म्हणजे काय हे मला कुणी शिकवायची गरज नव्हती. लहानपणी आम्ही दोघी काडेपेट्यांचे छाप जमवायचो. लांबून येणाऱ्या गाड्यांतले लोक स्टेशनात रिकाम्या पेट्या टाकायचे, त्या आम्ही वेचायचो. आपल्याकडच्या दुकानात मिळणारे छाप ढिगानं, त्यांना मोल नाही. धाकटीकडे मात्र एक मोराचा छाप होता, उलटा छापलेला, मोराचे पाय आभाळात. पन्नास साध्या छापांनाही तिनं तो कुणाला दिला नाही. मलाही नाही. म्हणजे मला सगळं कळत होतं. चुकलेली वस्तू कधी कधी म्हणूनच किमती असते, हे मला आठव्या वर्षी ठाऊक होतं आणि पन्नाशीत मी ती चूक कटरनं दुरुस्त केली होती.

मग मला कातरणाचं पोतं आठवलं. कापलेले तुकडे मी एका पोत्यात टाकते आणि दिवाळीच्या आवराआवरीत रद्दीवाल्याला देते. म्हणजे ती पट्टी अजून दुकानातच होती. मी पोतं फरशीवर ओतलं. तीन आठवड्यांचीच नव्हे, वर्षभराची कातरणं. आधारकार्डांच्या कडा, फोटोंच्या कडा, लग्नपत्रिकांच्या सोनेरी कडा. गुडघ्यावर बसून एकेक तुकडा उचलत होते. बाहेर कुणी "मावशी, दोन झेरॉक्स" म्हणून हाक मारली की श्वास रोखून गप्प बसायचे. नवरा जेवायला बोलवायला आला तर त्याला म्हटलं, अंगठीचा खडा पडलाय. माझ्या अंगठीला खडा नाही, हे त्याच्या लक्षात आलं नाही हे बरं.

दुसऱ्या दिवशी दुपारी सापडली. काडीएवढी रुंद, बोटभर लांब, मागच्या बाजूला निळ्या नक्षीची कड. मी ती रिकाम्या काडेपेटीत ठेवली आणि काडेपेटी ब्लाउजमध्ये. चिकटवता येईल, असं मला त्या वेळी खरंच वाटलं.

लॅमिनेशन उतरवायचे उपाय मी फोनवर शोधले. एक जण म्हणत होता फ्रीजरमध्ये ठेवा, दुसरा म्हणत होता इस्त्री फिरवा. मी आधी पत्त्यांतली इस्पिकची राणी लॅमिनेट केली, फ्रीजरमध्ये रात्रभर ठेवली आणि सकाळी ब्लेडनं कोपरा उचलून ओढली. प्लास्टिक निघालं, पण राणीचं तोंडही त्याच्याबरोबर निघालं. हातात फक्त पांढरा पुठ्ठा राहिला. मी ती राणी चुलीत घातली, जणू तिला कुणी पाहिलं तर माझ्यावर खटला होईल.

चौथ्या दिवशी लोणावळ्याला गेले. कार्ड स्टँडमध्ये उभं होतं आणि खिडकीच्या उजेडात असं चकाकत होतं की आंधळ्यालाही दिसावं. बहिणीला मी पायरीवर बसवून सांगितलं. लॅमिनेशननं किंमत गेली, एवढंच सांगितलं. कापल्याचं सांगितलं नाही. सांगणार होते, पण तिचा चेहरा पाहिला आणि राहू दिलं.

तिनं पायरीवरचं ओलं पान उचलून आवारात टाकलं. मग म्हणाली, "मला काडून टाकत्याल."

"तू काय केलंस? मी केलंय."

"बाहेर म्याच न्हेलं न्हवं." आणि मग उठून, "च्या ठेवते," म्हणाली. चहा ठेवताना साहेबांना फोन करू का, असं तिनं विचारलं. मी नको म्हटलं. आल्यावर बघू म्हटलं. खरं सांगायचं तर मला तो फोन माझ्यापर्यंत यायला नको होता.

पुढचे दिवस कसे गेले ते विचारू नका. दुकानासमोर चारचाकी थांबली की मी मशीनमागे खाली वाकायचे. एकदा खाकी कपड्यांतला माणूस आत आला, मी त्याच्याकडेच बघत राहिले आणि त्याचं आधारकार्ड मशीनमध्ये तिरकं गेलं. तो कंपनीतला वॉचमन होता. मी गिऱ्हाइकांवर ओरडायची थांबले, तर लोक विचारायला लागले, मावशी बरं नाही का. रोज शंभरदा मी ब्लाउजवरून काडेपेटी चाचपायचे. आणि सगळ्यात वाईट म्हणजे, मनात एक हिशेब हळूच चालायचा: साहेब मला ओळखत नाहीत. बहिणीनं माझं नाव घेतलं नाही तर मी कुठेच नाही.

शनिवारी साहेब येणार होते. शुक्रवारी तिचा फोन आला, "आक्का, तू ये. मला एकटीला लय भ्या वाटतंय." नाही म्हणायला मला कारण सापडलं नाही.

साहेब उंच, वाकलेले, हळू बोलणारे. मी समजत होते ते ओरडतील, आणि ओरडणाऱ्या माणसाला तोंड द्यायची मला सवय आहे. पण ते खोलीत गेले आणि आतून काहीच आवाज आला नाही. आम्ही दोघी दाराबाहेर उभ्या. आत टेबलाचा खण उघडला, मिटला. मी दारातून पाहिलं. हातात पांढरे मोजे घालून ते जवाहिऱ्याच्या भिंगातून कार्डाकडे पाहत होते.

"मावशी," ते म्हणाले, "हे कुणी केलं?"

"पानी गेलतं साहेब. म्या नीट कराय न्हेलं. ही माजी बहीन, तिचं दुकान हाय. म्याच तिला सांगितलं मशीनमदी घाल म्हनून."

मी तिच्याकडे पाहिलं. ती माझ्याकडे पाहत नव्हती.

"आणि कापलंय कुणी?"

तिला हे माहीतच नव्हतं. क्षणभर तिनं मान वळवून माझ्याकडे पाहिलं, तेवढ्या वेळात तिला सगळं समजलं. मग साहेबांकडे बघून ती म्हणाली, "त्ये बी म्याच सांगितलं. वाकडं दिसत व्हतं."

काडेपेटी माझ्या छातीशी होती. तोंड उघडायचं आणि एक वाक्य बोलायचं, एवढंच काम. मला ते जमलं नाही. आयुष्यभर तोंडाळ म्हणून ओळखली गेलेली बाई मी, त्या दारात मुकी उभी राहिले. भीती वाटते म्हणजे काय होतं, ते मला तेव्हा कळलं. माणूस पळतो असं नाही. तो फक्त दुसऱ्याला पुढे उभा राहू देतो.

साहेबांनी भिंग ठेवलं. "मावशी, महिनाअखेर खोली मोकळी करा," ते म्हणाले. आवाज तसाच हळू. बहीण "बरं" म्हणाली आणि पाण्याची मोटर बंद करायची राहिली म्हणून मागे निघून गेली, जणू रोजच्यासारखंच काही काम सांगितलं होतं.

मी फाटकापर्यंत आले. भुशीला निघालेल्या गाड्यांची रांग रस्त्यावर खोळंबली होती, भोंगे वाजत होते, कुणी गाडीतून डोकं काढून मक्याचं कणीस खात होतं. मी फाटकाची कडी काढली, पुन्हा लावली. अकरा दिवस मला वाटत होतं की सगळ्यात भयंकर गोष्ट साहेबांना कळणं ही आहे. साहेबांना कळलं होतं. आणि मला आता आधीपेक्षा जास्त भीती वाटत होती, की मी अशीच लोकलमध्ये बसेन आणि घरी जाऊन जेवेन.

मी परत गेले. साहेब तसेच बसले होते. मी काडेपेटी काढून टेबलावर ठेवली.

"तिनं सांगितलं नव्हतं," मी म्हटलं. "मशीनमध्ये घालू नको म्हणाली होती, दोनदा. मीच घातलं. आणि कापलं ते तिला आत्ता कळलं, तुम्ही विचारलंत तेव्हा."

त्यांनी काडेपेटी उघडली. पट्टीकडे पाहत राहिले. मग विचारलं, "मघाशी का नाही बोललात?"

"घाबरले."

"कशाला?"

"सगळ्यालाच."

खिडकीबाहेर पाहत बसले. मग माझ्याशी नव्हे, स्वतःशीच बोलावं तसं म्हणाले, "सहा वर्षं झाली हे घेऊन. तिकडे रोज उठलो की पहिला विचार हाच, ओल लागली असेल का, ऊन पडलं असेल का. नात मांडीवर बसलेली असायची आणि माझं लक्ष इथे." त्यांनी मोजे काढले. उघड्या हातानं कार्ड उचललं, उलटं केलं, बोटानं घासून पाहिलं. "हात कधी लावलाच नव्हता. केवढं हलकं आहे."

मी म्हटलं, "तुमचं नुकसान मी भरून देऊ शकत नाही. पण तिची खोली काढू नका."

"तुम्ही परत आला नसतात, तर त्यांनी मला खरं कधीच सांगितलं नसतं ना?"

"नसतं सांगितलं."

त्यांनी कार्ड शर्टाच्या खिशात टाकलं, बसचं तिकीट टाकावं तसं. "मावशींना म्हणावं, राहा," ते म्हणाले. "या खोलीची किल्ली मात्र मला द्या म्हणावं." काडेपेटी त्यांनी ठेवून घेतली.

किल्ली बहिणीनं स्वतःच जुडग्यातून काढून दिली. नवऱ्याच्या वेळेपासूनचं ते जुडगं, त्यातली एक जागा रिकामी झाली. फाटकाशी तिनं मला एवढंच विचारलं, "कापलंस त्ये मला का न्हाई सांगितलंस?" मी कडी काढली आणि स्टेशनकडे निघाले. गणपती झाले, नवरात्र झालं, ती माझ्या दुकानात फिरकली नाही. फोनवर बोलायची, पण पाहुण्यांशी बोलावं तसं.

आमच्या आईचा एकच फोटो आहे. कुणाच्या तरी लग्नात काढलेला, डोक्यावर पदर, डोळे अर्धे मिटलेले, मागे मांडवाचा खांब वाकडा आलेला. दुसरी प्रत नाही. तो धाकटीच्या ट्रंकेत असतो. लॅमिनेट करून देते म्हणून मी किती वर्षं तिच्या मागे लागले होते आणि ती "देते गं" म्हणून टाळत होती. का टाळत होती, ते मी कधी विचारलं नाही. त्या फोटोला बाजारात कुणी चहाचा कप देणार नाही. छापलेला एक, उरलेला एक, आणि हवा असलेली माणसं दोन.

दिवाळीच्या आधी मी कातरणाचं पोतं बांधत होते तेव्हा ती दुकानाच्या पायरीवर येऊन उभी राहिली. पिशवीतून वहीचे दोन पुठ्ठे काढले. त्यांच्यामध्ये आईचा फोटो.

"कडंनं वाळवी लागाय लागलीया," ती म्हणाली. "नीट करून दे."

मशीन तापलेलं होतं, हिरवा दिवा लागला होता. "कवरात घालू?" मी विचारलं. "नुसतं?"

"तुजं तू बघ," ती म्हणाली, आणि वाण्याकडे साखर आणायला निघून गेली.

मी आधी मशीनचं बटण बंद केलं, कटर उचलून खाली ठेवला. मग हात धुतले आणि फोटो हातात घेतला.